दूध उतू जाऊन राहिलं : एक लांबलेली प्रस्तावना

हे पुस्तक दुधाच्या हिशेबातून निघालं आहे. आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडायची शिस्त सासूबाईंची. थोरली दोन वर्षांची झाली त्या सुमारास मी त्याच चौकोनांत, 'दीड लि.' आणि 'खाडा' यांच्या शेजारी, ती काय बोलली ते बारीक अक्षरात लिहायला लागले. जागा बोटभर, त्यामुळे पाल्हाळ लावायची सोय नव्हती. पुढे चौकोन पुरेनात तेव्हा पानाच्या मागे, राशिभविष्य आणि पाककृती यांच्या समासात शिरले. एकदा धाकट्याचं 'आज नाही' हे उत्तर मी १४ तारखेच्या चौकोनात लिहून ठेवलं आणि नवऱ्याने तो खाडा समजून दूधवाल्याचे दीड लिटरचे पैसे कापले. ते परत द्यायला मला खाली जावं लागलं आणि का कापले गेले ते सांगावं लागलं. दूधवाला हसला नाही. त्याला तीन मुलं आहेत.

अशी नऊ वर्षांची कॅलेंडरं साठली. रद्दीवाल्याला द्यायला काढली तेव्हा मागची पानं वाचत मी जमिनीवर बसले आणि संध्याकाळचा कुकर लावायचा राहिला. पुस्तकाची कल्पना तिथली.

काय घेतलं नाही, ते आधी सांगते. 'बाबा म्हणाले, बाबा घरात नाहीत' हा विनोद यात नाही. तो माझ्या आजोबांनी त्यांच्या शेजाऱ्याच्या मुलाचा म्हणून सांगितला होता, वडिलांनी ऑफिसातल्या कुणाच्या तरी मुलाचा म्हणून, आणि गेल्या दिवाळीत तो मला कुटुंबाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी पुतण्याच्या नावाने आला. इतकी वर्षं घरात नसलेला हा बाप खरोखर कुणाचा, कोण जाणे. मुलांच्या नावावर खपणारे बरेच विनोद मोठ्यांनी रचलेले असतात, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे: त्यात मूल चतुर असतं. खरं मूल चतुर नसतं. ते गंभीर असतं. त्याच्या दृष्टीने ते घरकामाला लागलेलं असतं, आणि आपण त्याच्या कामावर हसत असतो.

हे मला कळलं त्या दिवसाचं नाव पुस्तकाला दिलं आहे, म्हणून तो प्रसंग इथेच सांगते.

सासूबाई अमरावतीच्या. मुलं दिवसभर त्यांच्याजवळ, त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदतात. मी विचारते, 'काय करतोयस?' आणि त्या विचारतात, 'काय करून राहिला रे?' धाकट्याला दोन्ही येत होत्या आणि दोन्हींतली सोयीची तो उचलायचा. तीन वर्षांचा होता. मी ओट्याकडे पाठ करून खाली बसून मेथी निवडत होते. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, दूध उतू जाऊन राहिलं!"

मी मेथीवरची नजर न काढता म्हटलं, "'जाऊन राहिलं' नाही राजा. 'जातंय' म्हणायचं."

त्याने विचार केला. ओठ जुळवले. मग एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा म्हणाला, "दूध. उतू. जातंय."

"शाब्बास."

"आता नाही जात," तो म्हणाला. "आता गेलं."

ओटा पुसताना, शेगडीच्या बर्नरमधली साय काडीने काढताना माझ्या लक्षात आलं की तो 'जालं' म्हणाला नव्हता. 'गेलं' म्हणाला होता. तोवर त्याच्या तोंडी 'बाबा ऑफिसला जाला' असंच असे. म्हणजे माझं अर्धा लिटर दूध गेलं त्या मिनिटाला त्याला 'जाणे'चा भूतकाळ पहिल्यांदा अचूक साधला. सासूबाई आतल्या खोलीतून विचारत होत्या, "कायचा वास येऊन राहिला?"

'जाला', 'करलं', 'येला', 'देलं', 'घेलं', 'सांगलं'. ही यादी बहुतेक मराठी घरांत सापडेल. मजा अशी की मूल हे शब्द कुणाकडूनही ऐकत नाही. आमच्या घरात 'करलं' म्हणणारं मोठं माणूस नाही, शेजारी नाही, टीव्हीवरही नाही. मग आणलं कुठून? मुलाने 'बसलं', 'पडलं', 'उठलं', 'हसलं' ऐकलेलं असतं. त्यावरून त्याने नियम काढलेला असतो: क्रियापद घ्या, 'लं' लावा. नियम बरोबर आहे. चूक 'केलं'ची आहे, मुलाची नाही. थोरली दोन वर्षांची असताना चक्क 'केलं' म्हणायची, पोपटासारखी. तिसऱ्या वर्षी 'करलं' म्हणायला लागली तेव्हा मी हबकले, ही मागे चालली की काय. ती पुढे चालली होती. आधी ती आमचे शब्द परत करत होती, आता स्वतःचे पाडत होती.

कॉर्नेय चुकोव्स्की या रशियन लेखकाने अशा मुलांच्या बोलांचं अख्खं पुस्तक केलं. ते १९२८ मध्ये वेगळ्या नावाने आलं आणि १९३३ च्या आवृत्तीपासून 'दोन ते पाच' या नावाने ओळखलं जातं. देशभरातले आईवडील त्याला पत्रांनी आपल्या पोरांची वाक्यं कळवत. तो मुलांसाठी कविता लिहायचा, त्यामुळे त्याला हा धंद्याचा कच्चा मालही होता. पण पुस्तक वाचताना जाणवतं की त्याला हसण्यापेक्षा आदर जास्त वाटत होता. रशियनमधल्या चुका मला कळायच्या नाहीत. त्या करणारं पोर मात्र लगेच ओळखू येतं.

मराठीत या उद्योगाला जरा जास्त वाव आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत बोलणाऱ्याला स्वतःचं लिंग सांगावं लागतं. आणि दिवसभर आई, आजी, ताई यांच्यात वाढणाऱ्या मुलग्याने 'मी' या शब्दापुढे काय ऐकलेलं असतं? जाते, येते, दमले, जेवले. धाकटा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत 'मी जेवले' म्हणत होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सासूबाईंना हळूच सुचवलं, 'जरा बाबाजवळ ठेवा.' बाबा रात्री साडेनऊला घरी येतो, सकाळची ७:५२ ची जलद गाडी पकडतो. त्याच्याकडून शिकायचं ठरवलं असतं तर पोराला रविवारी तेवढं मुलगा होता आलं असतं. शेवटी ते काम सोसायटीच्या आवारातल्या क्रिकेटने केलं. काही महिने तो जिन्यावर बदलायचा: वर 'जाते', खाली 'जातो'. न्यू जर्सीत वाढणारा माझा भाचा मराठी फक्त आईकडून ऐकतो. तो आता चौदा वर्षांचा आहे, मिसरूड फुटलंय, आणि फोनवर फुटक्या घोगऱ्या आवाजात मला म्हणतो, 'मावशी, आज मी फार दमले ग.' तो 'ग' सुद्धा आईचाच. त्याला कुणी सुधारलेलं नाही, आणि मी तर मुळीच सुधारणार नाही.

'आपण' आणि 'आम्ही' यांचा घोळ वेगळाच. त्यात पाहुणा सामील की बाहेर, हे मराठी माणूस विचार न करता ठरवतो. मुलाला ते ठरवावं लागतं. थोरली चार वर्षांची असताना नवऱ्याचे साहेब घरी आले होते. चहा झाला, पोहे झाले, आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "आपण उद्या आजोळी जाणार. आपण गाडीत उलटी करणार." साहेब अदबशीर होते. म्हणाले, "अरे वा! मीपण?" तिने त्यांना नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "यांना नेऊया?"

काळाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तिथे मुलांची चूक काढायचा अधिकार आपण केव्हाच घालवला आहे. धाकटा होऊन गेलेल्या दिवसाला 'उद्या' म्हणायचा म्हणून सगळे हसत. पण सासूबाई 'परवा मावशी आली होती' आणि 'परवा मावशी येणार' असं एकाच दमात म्हणतात आणि कुणालाही खटकत नाही. ज्या भाषेत परवा मागेही आहे आणि पुढेही, तिथे त्याने उद्यालाही तसंच वागवलं तर बिघडलं कुठे?

आकड्यांचं मात्र सांगायलाच हवं. थोरली 'अठ्ठावीस'नंतर अडायची. तिचं पुढे होतं 'वीस-नऊ, वीस-दहा'. आपण २९ ला अजून न आलेल्या तीसच्या नावाने हाक मारतो, एकोणतीस, हे तिला पटेना. माझे वडील गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी तिला बसवून समजावलं: एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. पोरीने नियम पक्का धरला आणि एकोणनव्वदपर्यंत घोडदौड केली. मग सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव आणि मोठ्या रुबाबात, "एकोणशंभर!" वडील गप्प झाले. नव्व्याण्णव हे अपवाद का, याचं उत्तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशाही वाचायला दिल्या आणि राज्यभर गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत गेला. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी मुलं अडखळतात आणि गणित त्यांना नावडतं होतं. वडील पेपर वाचताना त्या पद्धतीच्या विरुद्ध होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "पण आपल्या पोरीला हे आधी सुचलं होतं हं."

पोरांच्या चुका टिपायचा नाद असणाऱ्यांत एक मोठं नाव आहे, म्हणून जरा धीर येतो. चार्ल्स डार्विन यांचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला आणि बापाने लगेच वही उघडली. शिंक, उचकी, राग, भीती, पहिलं हसू, सगळं तारीखवार. त्या नोंदी पुढे तब्बल ३७ वर्षं पडून राहिल्या. दरम्यान त्यांनी १८५९ मध्ये ते दुसरं, जगाला हादरवणारं पुस्तक काढलं. मुलावरचा लेख १८७७ साली 'माइंड' या नियतकालिकात आला. त्यातली मला सगळ्यांत आवडणारी जागा अशी: पोरगं दोन वर्षं साडेसात महिन्यांचं. जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना बापाला भेटलं. डोळे नको तितके चमकत होते, वागणं काहीतरी नाटकी. डार्विन आत कोण आहे ते बघायला गेले, तर याने मनाई असलेली कुटलेली साखर खाल्ली होती. पंधरा दिवसांनी तोच पोरगा, तीच खोली. या वेळी त्याने अंगातल्या झग्याचा पुढचा भाग नीट गुंडाळून धरला होता. काय आहे त्यात? काही नाही. आणि बापाला पुन्हापुन्हा हुकूम, जा इथून. उलगडून बघितलं तर लोणच्याच्या रसाचा डाग.

लोणच्याचा डाग! डार्विन यांच्या त्या घरात आणि माझ्या घरात दीडशेच्या वर वर्षांचं आणि एका समुद्राचं अंतर आहे, पण ही नोंद माझ्या कॅलेंडरात जशीच्या तशी चालली असती. आमच्याकडे गूळ. धाकटा स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "मी गुळाच्या डब्याकडे बघलं पण नाही." हनुवटीवर गूळ. सासूबाईंनी विचारलं, "मग डब्याचं झाकण कोनं काढलं?" तो म्हणाला, "ते उघडंच झोपलं होतं."

खोटं बोलायला शिकणं हेही शिकणंच, असं मानसशास्त्रवाले म्हणतात. असेल. पण त्या क्षणी मला ते कौतुकाचं वाटलं नव्हतं, हेही लिहायला हवं, नाहीतर हे पुस्तक खोटं होईल. या नोंदींतली जवळजवळ प्रत्येक गंमत घडताना वैताग होती. ताप, शाळेची बस, न आलेली बाई, पाणी जायची वेळ, यांच्यामध्ये कुठेतरी ती घडली. रात्री मुलं झोपल्यावर चौकोनात लिहिताना ती गंमत झाली. बाकी झोपवण्याचं म्हणाल तर एकदा थोरलीला थोपटता थोपटता मीच झोपले. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर तिचं दुपटं, गुडघ्यापर्यंत कसंबसं पोचलेलं, आणि बाहेर ती आजीला कुजबुजत सांगत होती, "झोपली एकदाची. आवाज करू नका."

कुकरचा प्रसंग पुस्तकात आतल्या पानांवर आहे, पण तो मुलांच्या नोंदी कशा लिहाव्यात याचा धडा आहे, म्हणून इथेही घेते. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. धाकट्याला, तेव्हा चार वर्षांचा, सांगितलं, "तीन शिट्ट्या झाल्या की हाक मार." थोड्या वेळाने हाक आली. मी गॅस बंद केला. वाफ गेल्यावर उघडलं तर तांदळात कणी आणि डाळ टणक.

"किती शिट्ट्या झाल्या होत्या रे?"

"तीन."

"नक्की?"

"एक कुकरने दिली. दोन मी दिल्या."

त्याला शिट्टी येत नव्हती. नुसती फुस्स अशी हवा. मी विचारलं, तू का दिल्यास? तो म्हणाला, "कुकर दमला होता. मला भूक लागली होती."

ही गोष्ट नवऱ्याने मित्रांना सांगितली तेव्हा शेवटचं वाक्य त्याने बदललं: 'शिट्ट्या कुणी द्यायच्या ते आईने सांगितलंच नव्हतं.' हशा जास्त आला. पण ते वाक्य वकिलाचं आहे, चार वर्षांच्या मुलाचं नाही. 'कुकर दमला होता' यात त्याने कुकरची बाजू घेतली आहे, त्याला मदत केली आहे. ती गेली की गोष्टीतलं मूल गेलं. म्हणून या पुस्तकात एकाही मुलाचं वाक्य मी सुधारलेलं, वळवलेलं किंवा टोकदार केलेलं नाही. जिथे नोंद अर्धी होती तिथे अर्धीच छापली आहे.

एका नोंदीचा मला अजून सल आहे. धाकटा ताईएवढ्या दोन पोळ्या मागायचा आणि खायचा एक. मी एका पोळीचे दोन तुकडे करून वाढायची. त्याच्या दोन झाल्या, माझी एक वाचली. जाँ पियाजे या स्विस संशोधकाने स्वतःच्या तीन मुलांचं बालपण असंच न्याहाळलं. पुढे त्याने दाखवून दिलं की साधारण सातव्या वर्षाआधी मुलांना बुटक्या पेल्यातलं सरबत उंच पेल्यात ओतलं की जास्त झालं असं वाटतं. जगातल्या आयांना हे पियाजेच्या आधीपासून ठाऊक असणार. आमचं संशोधन मात्र छापून येत नाही. माझी युक्ती दीड वर्ष चालली. मग एका बुधवारी त्याने दोन्ही तुकडे ताटात एकमेकांना नीट चिकटवले, फट राहू नये म्हणून बोटाने दाबले, आणि म्हणाला, "आई, ही एकच आहे." ओरडला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने दुसरी वाढली. ती त्याने खाल्ली नाही.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम अडून बसतो आणि आई त्याच्यासाठी लुगडं पसरते. त्यातून ती त्याला मन जपायचं शिकवते. आमच्याकडेही एक श्याम असाच ओल्या पायांनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अडला होता. मी पायपुसणं सरकवलं. तो म्हणाला, "हे घाण आहे." मी म्हटलं, "मग उडी मार." त्याने मारली, घसरला, आणि तीन दिवस कपाळावर टेंगूळ मिरवलं. मराठीत मुलांनी आठवलेल्या आया पुष्कळ आहेत, आणि त्या आठवणीतल्या असल्यामुळे फार चांगल्या आहेत. मुलं मोठी होऊन मला आठवू लागण्याआधी माझी बाजू छापून घ्यावी, हा या पुस्तकाचा एक छुपा हेतू आहे.

एक कबुलीही देऊन टाकते. मीही पोराला पाहुण्यांपुढे उभं केलं आहे. ताईचं 'एकोणशंभर' धाकट्यानेही उचललं होतं. दिवाळीला घर भरलेलं, मी त्याला म्हटलं, "अठ्ठ्याण्णवनंतर काय रे?" वर चॉकलेटचं आमिष. सगळे हसायच्या तयारीत. तो म्हणाला, "नव्व्याण्णव." शांतता. त्याने माझा चेहरा बघितला, काहीतरी चुकलं हे ओळखलं, आणि घाईघाईने म्हणाला, "एकोणशंभर, एकोणशंभर." तेव्हा सगळे हसले. बरोबर उत्तर देऊन, ते मागे घेऊन त्याने चॉकलेट मिळवलं होतं. भावनगरला वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका, ज्यांना लोक 'मूछाळी मा', मिशीवाली आई म्हणत, ते शिक्षेइतकेच आमिषाच्याही विरोधात होते. त्यांच्यासोबत काम करून ताराबाई मोडकांनी तो विचार मराठीत आणला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला नेला. आमच्या पिढीच्या आयांनी ताराबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात वाचलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. त्या रात्री मी कॅलेंडरात काही लिहिलं नाही. त्यानंतर मुलांचा व्हिडिओ मागणाऱ्या नातेवाइकांना मी 'फोनमध्ये जागा नाही' असं सांगते. माझंही झाकण उघडंच झोपलेलं असतं.

राहता राहिली परवानगी. थोरली आता अकरा वर्षांची आहे. छापायच्या आधी तिला सगळं वाचायला दिलं. तिने लाल पेन घेऊन सतरा नोंदी उडवल्या. त्यातल्या दोन फार सुंदर होत्या, पण त्या तिच्या होत्या. साहेबांना आजोळी न्यायची नोंद तिने राहू दिली, कारण 'त्यात मी पोलाइट आहे.' गुळाच्या नोंदीखाली तिने पेन्सिलीने लिहिलं, 'मलापण दिला होता.' हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

धाकटा सात वर्षांचा. त्याला मी वाचून दाखवलं. कुकर ऐकताना तो मान डोलावत होता, पोळीच्या वेळी गप्प बसला. 'जाला' आणि 'करलं'च्या यादीशी आल्यावर मात्र उठून उभा राहिला. आपल्या नावावर काहीही खपवलं जातंय अशा आवाजात म्हणाला, "आई, मी असं कधी म्हणलंच नाही."

मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी त्या 'म्हणलंच'भोवती दोनदा गोल करून समासात 'म्हटलंच?' असं लिहून पाठवलं होतं. मी दोन्ही गोल खोडले आहेत.